दिवा मंदावला की कोण दिसेनासं होतं

थिएटरांचे प्रोजेक्टर तपासणं हे माझं काम. सिनेमा येतो तो कुलूपबंद, आणि त्याची डिजिटल किल्ली ठरलेल्या वेळेतच चालते. म्हणून शोआधी चाचणीला तासभर मिळाला तरी खूप.

त्या दिवशी फिल्म क्लबचा शो होता, कार्ल फ्रँकलिन यांचा १९९५ सालचा ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’. काळ १९४८चा, गाव लॉस एंजेलिस. कारखान्यातली नोकरी गेलेला ईझी रॉलिन्स घराच्या हप्त्यासाठी एका गोऱ्या बाईचा शोध घ्यायचं काम पत्करतो. ती डॅफ्नी, सेंट्रल अव्हेन्यूच्या काळ्या वस्तीतल्या क्लबांत वावरणारी, भल्याभल्यांना गोत्यात आणणारी.

चाचणीत रात्रीचे प्रसंग लागले आणि ईझी झालेल्या डेन्झेल वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचे फक्त डोळे उरले. मागची माणसं तर भिंतीतच विरली. डॅफ्नी झालेली जेनिफर बील्स आली की मात्र सगळं स्वच्छ.

“अहो, फिल्म न्वार आहे, अंधार असणारच,” क्लबचे सर म्हणाले.

या वाक्याचा मला राग येतो. न्वार म्हणजे सावल्यांतून रंगवलेला गुन्हेपट, पण त्यातला अंधार मोजून केलेला असतो. या सिनेमाच्या टाक फुजिमोतोंसारखा कॅमेरामन सावलीतल्या गालाची आणि कपाळाची छटासुद्धा वेगळी राखतो.

मीटर लावला. पडद्याचा उजेड फूट-लॅम्बर्टमध्ये मोजतात; मध्यावर पांढऱ्याला १४ हवेत, मिळत होते जेमतेम ६. केबिनच्या काचेवर तेलकट धूळ, लेन्ससमोर थ्रीडीचा फिल्टर तसाच, आणि प्रोजेक्टरच्या झेनॉन वायूच्या दिव्याचे ठरलेले तास कधीच उलटलेले. मॅनेजरचं धोरण, पेटतोय तोवर चालवायचा. पण झेनॉन बंद पडायच्या कितीतरी आधी मंदावतो. त्यात दारांवरच्या ‘बाहेर’च्या पाट्यांचा उजेड पडद्यावर सांडतो, आणि गडद छटा सर्वांत आधी त्यात बुडतात.

सुटा दिवा कपाटात होता. थंड दिव्यातही वायूचा दाब असतो, म्हणून तोंडावर ढाल, अंगात जाडं जॅकेट, हातमोजे. काचेला बोट लागलं तर तो डाग तापून दिवा तिथेच फुटू शकतो. मग आरशासमोर दिवा केसाकेसाने सरकवत मध्य आणि कोपरे जुळवायचे. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. १४ मिळाले.

शो मी उभ्यानेच पाहिला. डॅफ्नीचं गुपित असं की तिची आई काळी, आणि ही गोरी म्हणून जगतेय. म्हणून गोऱ्यांच्या अँबॅसडर हॉटेलात ती खोली घेऊन राहू शकते, ईझीला तिथे उजळ माथ्याने जाता येत नाही. कोण कोणाच्या नजरेस कसं पडतं, यावरच ही गोष्ट उभी आहे. आणि आमचं यंत्र त्या जुन्या दिव्यानिशी डॅफ्नीला तेवढं दाखवून ईझीला पुसत होतं.

त्याच पडद्यावर आपल्याकडच्या सावळ्या नटांचे किती सिनेमे तसेच लागले असतील, हा विचार अजून जात नाही. शोनंतर मॅनेजरकडे दिव्याच्या तासांची नोंदवही मागितली. ती ठेवलेलीच नव्हती.