पाणी कुणी पाजलं?

नीरेवर माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं, सातारा जिल्हा लागला, तोवर माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता आणि भाच्याच्या डोक्यात तलवार शिरली होती. पोरगं अकरावीतलं. स्वतःचं एक जग रचतंय, वहीत त्याचे नकाशे काढतंय. त्या जगातल्या जादूच्या तलवारीचा अख्खा इतिहास त्यानं मला पाडेगाव ते लोणंद ऐकवला. नाव कालजिव्हा. आभाळातून पडलेल्या ताऱ्याच्या लोखंडाची. सात राजांनी धरली, सातही तिच्याच घावानं गेले. सांगण्याच्या नादात टाळ हातात तसाच राहायचा आणि विणेकरी मागं वळून बघायचे. चौथ्या राजानंतर कोण कुणाला मारतंय हे मला कळेनासं झालं होतं, पण हूं हूं करत राहिलो. चालताना तेवढंच जमतं.

लोणंदहून निघाल्यावर त्याला दुसरा श्रोता मिळाला. आमच्या दिंडीत कराडकडचे एक म्हातारे लोहार होते. जन्मभर ऊसतोडीचे कोयते घडवलेले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "समदं झ्याक हाय. पर तिला पाणी कुनी पाजलं?"

पोराला वाटलं तलवारीला तहान लागते. खूश झालं, वही काढायला लागलं.

"तसं न्हवं रं. धार लालबुंद करायची आन् पान्यात बुडवायची. कडक हुती. पर तशीच ठिवली तर काचंवानी फुटतीया. मग परत जरा तापवून उतरवायची. रंग बघत ऱ्हायाचं. पिवळा आला, निळा येतोय, तवाच थांबायचं. ती येळ चुकली की कोयता उसाच्या पयल्या मोळीतच दुमडतो. तुझी तलवार सात राजं झालं तरी तुटली न्हाई, मग ह्यो लोहार कुटं हाय गोष्टीत?"

लोहार नव्हताच. तारा होता, राजे होते, शाप होता.

मग मलाही राहवलं नाही. म्हटलं, आपल्या भवानीचंच बघ. देवीनं महाराजांना तलवार दिली हे चित्र घराघरांत आहे. पण परमानंदांच्या शिवभारतात देवी अफजलखानाच्या भेटीआधी येते आणि मीच तुझी तलवार झाले आहे, असं सांगते. म्हणजे वरून काही पडलं नाही, जी कमरेला होती तिच्यातच देवी आली. त्या काळच्या कितीतरी मराठी तलवारींची पाती फिरंगी, पोर्तुगीजांकडून वगैरे आलेली, मूठ इथली. साताऱ्याच्या जलमंदिरात भवानी तलवार आहे, दसऱ्याला तिची पूजा होते. तिकडं कोल्हापूरच्या गादीकडून 1875 च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेली 'जगदंबा' इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि तीच भवानी असं म्हणणारेही आहेत. खरी कुठली यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. तुझ्या कालजिव्हेवर मात्र कुणी भांडत नाही, खोट तिथंच आहे.

भाचा गप्प. रागावला असावा.

चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण लागलं. दोन्ही बाजूंना दिंड्या, मधे वाट मोकळी. टाळांचा आवाज छातीत वाजायला लागला. पताका घेतलेला स्वार असलेला घोडा गेला, आणि दुसरा, माऊलींचा, पाठीवर कुणी नसलेला.

"यावर कुणीच नाही?"

"हाय की," म्हातारे म्हणाले आणि टापेखालची माती उचलायला वाकले. गुडघा कटकन वाजला त्यांचा. चिमूट आधी स्वतःच्या कपाळाला, मग पोराच्या.

तरडगावच्या मुक्कामी तंबूत मोबाईलच्या उजेडात तो लिहीत बसला. ताऱ्यावर काट मारली होती. शेजारी म्हातारे घोरत होते.

"मामा, पाणी कुठल्या नदीचं लिहू? नीरेचं चालेल?"

मी टाचेला हळद लावत होतो. म्हटलं, उद्या त्यांनाच विचार.