अँटिग्वात यजमानांच्या घरी राहून स्पॅनिश

ग्वाटेमालातल्या अँटिग्वात स्पॅनिश शिकायला एका विद्यार्थ्यामागे एक स्वतंत्र शिक्षक मिळतो, बहुधा रोज चार तास. खरा अभ्यास मात्र यजमानांच्या जेवणाच्या टेबलावर होतो.

शाकाहारी असाल तर नुसतं 'नो कोमो कार्ने' (मी मांस खात नाही) म्हणून भागत नाही. 'कार्ने' म्हणजे बहुतेकांच्या लेखी गाय किंवा डुकराचं मांस, त्यामुळे ताटात कोंबडी येते. 'नी पोयो, नी पेस्कादो' (कोंबडीही नाही, मासेही नाहीत) हेही जोडा. काळ्या घेवड्याच्या उसळीत कधीकधी डुकराची चरबी असते, म्हणून 'सिन मांतेका' (चरबी नको) पहिल्याच दिवशी सांगा. उठताना 'मुचास ग्रासियास' (खूप आभार) म्हणायचं, बाकीचे उत्तरादाखल 'बुएन प्रोवेचो' म्हणतात. न म्हणता उठणं उद्धटपणाचं वाटतं.

घरातल्या थोरांना 'उस्तेद'च (आदरार्थी 'तुम्ही') म्हणा.

अंघोळीला शॉवरच्या तोंडातच विजेचा हीटर असतो. पाणी गार येतंय म्हणून नळ आणखी सोडला तर ते अजून गार होतं. धार बारीक करा. फार बारीक केली तर हीटरच बंद पडतो.

मराठी माणसाला एक गोष्ट आयती मिळते. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे हुबेहूब 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की 'आवडतात', तसंच तिकडे 'गुस्तान'. इंग्रजीतून शिकणारे इथेच आठवडाभर अडखळतात. स्पॅनिशमधले त, द तर आपलेच. ट, ड मात्र वापरू नका.