नव्वद नंबरचे ऑइल आणि न हलणारा ट्रॅक्टर

इंजिनाची तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक नेमके बोलते; ट्रान्समिशनच्या तक्रारी मात्र नेहमी आडवळणाने येतात. १९६० च्या दशकातला, इंटरनॅशनल हार्वेस्टरने बनवलेला हायड्रोस्टॅटिक कब कॅडेट, म्हणजे बागेतला छोटा ट्रॅक्टर, घेऊन आलेल्या वयस्कर मालकांनीही सुरुवात अशीच केली. थंडीच्या सकाळी ट्रॅक्टर जागचा हलत नाही, तापल्यावर सुतासारखा सरळ चालतो, आणि तोपर्यंत सीटखालून एक बारीक, सलग रडण्याचा आवाज येत राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. निदान त्यांनी घरीच करून ठेवले होते. ऑइल पातळ झाले आहे, म्हणून त्याहून दाट ऑइल भरायचे, एवढे काम त्यांना माझ्याकडून हवे होते.

मला मात्र त्या तक्रारीतला क्रम खटकला. ऑइल पातळ पडत असते, तर ट्रॅक्टर थंड असताना जोमाने ओढला असता आणि तापल्यावर ढिला पडला असता. येथे सगळे उलटे होते. थंडपणी न चालणारे आणि उष्णतेने सुधारणारे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन बहुधा एकच गोष्ट सांगत असते, ती म्हणजे पंपाला ऑइल वेळेवर पोहोचत नाही.

या यंत्राची रचना समजली की पुढचे सारे सोपे होते. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये वेग बदलण्यासाठी दातेरी गिअर नसतात. इंजिन एक पिस्टन पंप फिरवते, त्यातली तिरकी तबकडी हाताच्या दांड्याने जितकी कलवावी तितके ऑइल दाबाने हायड्रॉलिक मोटरकडे जाते आणि मोटर मागची चाके फिरवते. पंप आणि मोटर यांच्या फिरत्या भागांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. या मंडळात झिरपून कमी होणारे ऑइल भरून काढण्यासाठी एक छोटा चार्ज पंप असतो आणि तो मागच्या पेटीतले ऑइल फिल्टरमधून ओढून घेतो. गोम येथेच आहे. कब कॅडेटच्या या हायड्रोस्टॅटिक मॉडेलांत पंपाचे ऑइल वेगळे आणि डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीचे, वेगळे अशी सोय नाही. क्राऊन-पिनियन ही तिथली दातेरी चाकांची जोडी ज्या ऑइलमध्ये बुडते, तेच ऑइल पंप पितो. मागून पाहणाऱ्याला फक्त बिडाची भक्कम पेटी दिसते, तिच्यात क्राऊन-पिनियन आहे हे त्याला ठाऊक असते, आणि डिफरन्शियल म्हटले की नव्वद नंबरचे दाट गिअर ऑइल, हे समीकरण तर वर्कशॉपमधल्या पोरालाही पाठ असते.

मी ड्रेन प्लग सोडला. या पेटीत जे ऑइल असायला हवे ते थंडीतही बऱ्यापैकी धार धरून पडते. येथे मात्र काकवीसारखी जाड, आळसावलेली दोरी भांड्यात उतरू लागली आणि तिच्यामागोमाग गंधकाचा तो उग्र वास आला, जो गिअर ऑइल एकदा हाताळलेला माणूस कधी विसरत नाही. धारेचा रंग मध्येच बदलून दुधी चहासारखा झाला, म्हणजे आत पाणीही होते. खात्रीसाठी तापलेल्या लोखंडी पट्टीवर एक थेंब टाकला तेव्हा तो तडतडला. फिल्टर कापून पाहिला, तर कागदाच्या घड्या आतल्या जाळीवर चेपून एकमेकींना चिकटल्या होत्या. पंपाने ओढ लावली होती आणि दाट ऑइल कागदातून पुढे सरकायला तयार नव्हते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको होता.

मालकांना मी तो फिल्टर हातात दिला आणि पेटीत नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरलेले आहे, असे सांगितले. ते म्हणाले, "पण नव्वद नंबर म्हणजे काही फार दाट नव्हे. इंजिनात आपण चाळीस-पन्नास घालतोच की."

त्यांच्या बोलण्यात अर्धे तथ्य होते. इंजिन ऑइलचे आणि गिअर ऑइलचे आकडे वेगवेगळ्या मापनपट्ट्यांवरचे आहेत. एसएई (ऑइलच्या दाटपणाचे प्रमाण) ९० गिअर ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असतो, म्हणजे तो खरोखरच एसएई ४० आणि ५० इंजिन ऑइलच्या आसपास येतो. परंतु या ट्रॅक्टरच्या पेटीला लागणारे ट्रॅक्टर हायड्रॉलिक-ट्रान्समिशन ऑइल त्याच तापमानाला साधारण ९ ते १० सेंटिस्टोकचे असते, आणि ऑइल गार होत जाईल तशी ही तफावत वाढत जाते. ८०डब्ल्यू-९० असे लिहिलेले दिसले की लोकांना ते थंडीला चालेल असे वाटते. पण गिअर ऑइलच्या प्रमाणात ८०डब्ल्यूचा अर्थ एवढाच, की उणे २६ अंशांना त्याचा दाटपणा १,५०,००० सेंटिपॉइजच्या (दाटपणाचे दुसरे एकक) पुढे जाऊ नये. १५डब्ल्यू इंजिन ऑइलला उणे २५ अंशांना ६०,००० सेंटिपॉइजची मर्यादा आहे, कारण तेथे ते पंपाने उचलायचे असते. गिअर ऑइल उचलावे लागत नाही, दातेच त्यात बुडून ते अंगावर घेतात. चार्ज पंपाच्या शोषण बाजूला ऑइल ढकलायला हवेचा दाब, म्हणजे जेमतेम १ बार, एवढेच बळ असते. तेवढ्याने ते आले नाही की पंपात पोकळ बुडबुडे तयार होतात, दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात आणि धातूला टोचे मारतात. मालकांना ऐकू येणारे रडणे ते हेच होते.

दाटपणाइतकाच मला वासाचा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. जीएल-५ प्रतीच्या गिअर ऑइलमध्ये अतिदाब सहन करणारी गंधक-स्फुरदाची रसायने भरपूर असतात. हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या दातांसाठी ती आवश्यकच आहेत. मात्र त्यातले सक्रिय गंधक तापल्यावर तांबेमिश्रित धातूंना काळे करते आणि कालांतराने खाते. म्हणूनच असे ऑइल तापवून त्यात तांब्याची घासलेली पट्टी बुडवून ठेवण्याची आणि तिचा रंग किती काळवंडला ते ठरीव नमुन्यांशी ताडण्याची चाचणी घेतात. आजची बरीच जीएल-५ ऑइले या चाचणीत चांगली ठरतात, त्यामुळे जीएल-५ म्हणजे पितळ-काशाचा काळ अशी ओरड मी करत नाही. पण जुन्या यंत्रात काशाचे बुश आणि वॉशर असतील, आणि डब्यावर चाचणीचा उल्लेखच नसेल, तर ती जोखीम कशासाठी घ्यायची, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

मालकांनी नंतर स्वतः आणलेली बादली पुढे केली. तिच्यावर ट्रॅक्टर हायड्रॉलिक ऑइल आणि ठळक अक्षरांत ३०३ असे छापलेले होते. दाटपणाच्या दृष्टीने ते नव्वद नंबरपेक्षा कितीतरी जवळचे होते, तरीही मी नकार दिला. ३०३ हे जॉन डिअरचे जुने प्रमाण होते आणि त्या ऑइलमध्ये स्पर्म व्हेलचे तेल घातलेले असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आल्यावर ते प्रमाणच मागे पडले, त्याची जागा पुढे जॉन डिअरच्याच जे-२० या प्रमाणांच्या मालिकेने घेतली. म्हणजे ३०३ असे छापणाऱ्यावर आज कोणतीही कसोटी बंधनकारक नाही. बादलीत उत्तम ऑइल असू शकते किंवा निथळून काढलेले जुनेही असू शकते. आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

निर्मात्याने या पेटीसाठी हाय-ट्रान हे ऑइल सांगितले होते आणि त्या नावाचे ऑइल आजही मिळते. मी तेच घेतले. क्राऊन-पिनियनला पुरेल इतकी अतिदाब-रसायने, पंपाला सहज उचलता येईल इतका पातळपणा, आणि ओलाव्याने आलेले थोडे पाणी स्वतःत धरून ठेवण्याची क्षमता, या तीन गोष्टी त्यात एकत्र आहेत. शेवटची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही, कारण तळाशी साचलेले मोकळे पाणी गोठून शोषणाची वाट अडवू शकते. नाव दुसरे असले तरी माझी हरकत नसते, मात्र ते ऑइल हाय-ट्रानच्या प्रमाणाला उतरते असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले हवे. "बहुतेक सर्व ट्रॅक्टरांना योग्य" अशा वाक्यावर मी पेटी भरत नाही.

नवे ऑइल आणि योग्य फिल्टर घालून मागची चाके उचलून ठेवली आणि इंजिन मंद चालवत दांडा सावकाश पुढे-मागे केला, म्हणजे मंडळात अडकलेली हवा निघून जावी. सुरुवातीला फेस आला, मग पातळी खाली गेली, पुन्हा भरावे लागले. कानाकोपऱ्यांत राहिलेल्या जुन्या ऑइलने नवे ऑइल गढूळ केले, म्हणून तेही काढून टाकून पेटी परत भरली. महागड्या ऑइलचा हा पहिला भराव केवळ धुण्यात जातो, याचे मालकांना वाईट वाटले. मला त्यांचे म्हणणे समजत होते, पण त्यात काटकसर करता येत नाही.

पाणी कोठून आले ते पाहणे उरले होते. पेटीतली हवा आत-बाहेर जाण्याच्या श्वासछिद्राचे टोपण गायब निघाले. ते बसवले.

रात्रभर उघड्यावर ठेवलेला ट्रॅक्टर सकाळी सुरू केल्याबरोबर हलला आणि रडण्याचा आवाज थांबला. मात्र तापल्यावर चढावर जड गाडा जोडून पाहिला, तेव्हा तो किंचित मागे ओढ खातो असे दिसले. बुडबुड्यांनी पंपाच्या पृष्ठभागाला जे खरवडायचे ते खरवडले होते, आणि ते कोणत्याही ऑइलने भरून येणारे नव्हते. मी मालकांना तसे सांगितले. सपाट जागेवर गवत कापायला हे ट्रान्समिशन अजून बरेच चालेल. चढावरचे ओझे ओढायचे असेल तर पंप उघडावा लागेल आणि त्याचा खर्च वेगळा. त्यांनी गवत कापण्यावर समाधान मानले आणि ऑइलचे नाव खडूने सीटखालच्या पत्र्यावर लिहायला सांगितले. मी ते रंगाने लिहिले.