खिडकी उघडी ठेवा जी!

मागच्या मे महिन्यात मुंबईचे भाऊजी चार दिवस राहायला आले होते. लग्नाला नऊ वर्षं झाली पण येतात ते नेहमी दिवाळीत, त्यामुळे नागपूरचं ऊन त्यांनी फक्त फोनवर ऐकलेलं. पहिल्याच दुपारी जेवून आडवे झाले, अर्ध्या तासानं मी डोकावतो तर कूलर फुल स्पीडवर, खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद, पडदे ओढलेले आणि हे बनियनवर घामाघूम. म्हणे थंड हवा बाहेर चालली होती म्हणून लावून घेतल्या. तेवढ्यात बाबा आले, आधी खिडकी उघडली आणि मग म्हणाले, "काहून लावली जी? कूलर आहे तो, एसी नोहे."

आता नागपुरात हे शेंबड्या पोराला पण माहीत असतं की कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, पण का ते भाऊजींनी विचारलं आणि मला धड सांगता येईना. घरात तीस उन्हाळे कूलरसमोर झोपलोय मी! मग काय, पुढचे दोन दिवस तेच डोक्यात.

भानगड साधी आहे. ताटीवर, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळीवर पाणी पडतं, पंखा बाहेरची गरम हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती हवेतूनच घेतली जाते. माठाचंही तेच, कपाळावरच्या घामाचंही तेच. म्हणजे कूलर हवा गार करतो ती ओली करून. खिडकी बंद केली की ओली झालेली हवा आतच फिरते, ती आणखी पाणी घेईना, आपला घामही वाळेना, आणि मग भाऊजींसारखी गत. बिचाऱ्यांची चूक नाही, मुंबईत खिडकी लावायची ती एसीसाठीच.

मग मी एक उद्योग केला. दोन स्वस्तातले थर्मामीटर घेतले, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळलं आणि दोन्ही गच्चीच्या जिन्यात सावलीत, टेबलफॅनसमोर ठेवले. (सावलीत हे महत्त्वाचं, उन्हात थर्मामीटर काहीही दाखवतो. आणि नुसतं ऊनच नाही, सेन्सर बिघडला तरी तेच, २०२४ च्या मे मध्ये नागपूरच्या रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक हवामान स्टेशननं ५६ अंश दाखवले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रलय आला होता, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडलाय.) तर दुपारी तीनला साधा थर्मामीटर ४३ आणि फडकंवाला २४! एकाच जिन्यात, एकाच पंख्यासमोर, १९ अंशांचा फरक. याला वेट बल्ब तापमान म्हणतात आणि ही कूलरची लक्ष्मणरेषा, कितीही भारी मोटर लावा, कूलरची हवा याच्या खाली जाऊ शकत नाही. जुलैत तोच प्रयोग केला तर ३१ आणि २८. तीन अंशांसाठी कोण कूलर लावेल? म्हणून पावसाळ्यात तो नुसता चिकचिक करतो, कूलर तोच, मोटर तीच, फक्त हवेतला कोरडेपणा गेलेला असतो.

म्हणजे ज्या कोरड्या उन्हाला आपण मार्चपासून शिव्या घालतो, ओठ फुटतात, नाक सुकतं, तेच कूलरचं खरं इंधन. विजेचं बिल तर नुसतं पंखा आणि पंपाचं.

हिशेब पण करून पाहिला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात आणि आपलं विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, म्हणजे लिटरमागे दोन तृतीयांश युनिट उष्णता हवेतून निघते. आमचा लोखंडी डब्बा भर दुपारी तासाला सहज दहा लिटर पितो (टाकी भरायची ड्युटी माझी, त्यामुळे हा आकडा मला तोंडपाठ). म्हणजे तासाला साडेसहा युनिटांच्या वर उष्णता उचलायची आणि वीज खायची जेमतेम पाव युनिट! एसीच्या भाषेत जवळजवळ दोन टन. अर्थात त्यातला बराचसा गारवा खिडकीतून शेजारच्या काकूंच्या अंगणात जातो हेही खरं.

आणि हे टन काय प्रकरण आहे, मला आधी वाटायचं एसीचं वजन. हसू नका. एक अमेरिकन टन म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढा गारवा म्हणजे एक टन, साडेतीन किलोवॅट. कारण मशीन यायच्या आधी गारवा खरंच बर्फाच्या वजनावर विकला जायचा, १८३३ मध्ये तर बोस्टनहून तळ्यांचा बर्फ जहाजात भुशात गुंडाळून कलकत्त्याला आला होता, चार महिन्यांचा प्रवास करून, आणि अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. आपल्याकडे बर्फाची लादी कोपऱ्यावरून घरी आणेपर्यंत अर्धी होते.

पण सगळ्यात मजा मला पुढच्या गोष्टीची वाटली. एसी माणसांसाठी शोधलेलाच नाही! १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत माप हलायचं आणि चित्र बिघडायचं. विलिस कॅरिअर नावाच्या २५ वर्षांच्या इंजिनिअरनं हवेतली ओल काढणारं यंत्र बनवलं, गारवा ही त्यातली पद्धत. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या माणसानं काढला, तो कापडगिरण्यांचा इंजिनिअर, आणि त्याला हवेत ओल घालायची होती, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. म्हणजे ज्या अर्थानं शब्द निघाला त्या अर्थानं आमचा लोखंडी डब्बाच अस्सल एअर कंडिशनर.

सुताचं वाचल्यावर लगेच आमच्या नागपूरची कापडगिरणी, एम्प्रेस मिल आठवली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली, व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी सम्राज्ञी झाली म्हणून ते नाव. कापूस विदर्भात भरपूर पण हवा ही अशी ठणठणीत कोरडी, सूत टिकणार कसं, तर टाटांनी तिथे हवा ओली ठेवणारे ह्युमिडिफायर बसवले होते. आता गांधीसागरजवळ त्याच जागेवर एम्प्रेस मॉल उभा आहे आणि आत एसी हवेतली ओल काढत असतो. भर मे मध्ये तिथे शिरलं की घाम क्षणात वाळतो, त्या जागेवर एकेकाळी हवेत पाणी शिंपडायला यंत्र लावलं होतं हे आठवून मी एकटाच हसत होतो आणि बायको म्हणाली घरी चल.

खिशातल्या कांद्याचं मात्र काही जमलं नाही. आजी ऊन लागू नये म्हणून कांदा ठेवायला लावायची, मी लय प्रयत्न केला त्यामागे वाफेचं काहीतरी सायन्स बसवायचा, पण बंद खिशातला सालासकटचा कांदा कुठली हवा गार करणार.

भाऊजी तिसऱ्या दिवसापर्यंत एवढे रुळले की टाकी भरायची ड्युटी त्यांनी स्वतःहून घेतली, वाळ्याच्या ताटीचा वास आवडला म्हणून खुर्ची तिकडेच ओढून बसायचे. जाताना बाबांना विचारलं, असा एक कूलर बनवून मुंबईला पाठवता येईल का.

बाबा म्हणाले, "तिथं नेऊन त्यात काय मच्छर पाळता?"