तुम्ही विचारलंत म्हणून: सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी?

“सकाळी गुडघ्याच्या वाट्या बदलल्या आणि संध्याकाळी घरी? ताई, हे खरंच चालतं?” दादर-परळ-लालबाग भागात मी बावीस वर्षं घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. हल्ली हा प्रश्न मला जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारला जातो.

हो, चालतं. पण कुणाला चालेल हे ठरवताना डॉक्टर गुडघा, हृदय, साखर बघतात आणि मी घर बघते. आणि घरात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, रात्री जागणार कोण?

ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडीत वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. मी तेव्हा शिकत होते. पंतप्रधानांमुळे हे ऑपरेशन आजीआजोबांच्या बोलण्यात आलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली आणि माझ्या वहीत चाळीतले पत्ते वाढले. आधी बहुतेक घरी लिफ्ट असायची, आता जिने मोजावे लागतात.

लोकांना वाटतं, नवा सांधाच काहीतरी जादूचा निघाला असणार. तसं नाही. बदललंय ते सांध्याच्या आजूबाजूचं. पूर्वी दुखू नये म्हणून जांघेपाशी नस बधिर करायचे, त्याने मांडीचा स्नायूही ढिला पडायचा आणि उभं राहिलं की गुडघा दगा द्यायचा. आता ते इंजेक्शन मांडीत खाली देतात. दुखणं दबतं, पायात जोर बराचसा राहतो. सांध्याभोवतीही औषध सोडतात. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड नावाच्या औषधामुळे रक्तस्राव कमी होतो. जखमेतलं रक्त काढायची किंवा लघवीची नळी शक्यतो लावतच नाहीत. म्हणून सकाळी पहिलं ऑपरेशन झालेला माणूस दुपारी वॉकर धरून उभा राहतो. वॉकरने चालता आलं, जिना चढता-उतरता आला, लघवी झाली, खाल्लेलं पोटात राहिलं आणि दुखणं गोळ्यांवर भागलं, तरच सोडतात. खुब्याचा सांधा बदलला तरी साधारण असंच, फक्त वाकण्या-बसण्याची पथ्यं डॉक्टर सांगतील तशी वेगळी.

लालबागच्या एका काकांची गोष्ट सांगते. चाळीत दुसरा मजला, चौतीस पायऱ्या. ऑपरेशनआधी मी दोनदा जाऊन आले होते. खाटेखाली विटा घालून उंची वाढवली, पायपुसणी उचलली, कमोडची खुर्ची आणवली. काका संध्याकाळी सहाला आले. ‘वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ऑपरेशनचा’ हे स्वतःच मोठ्याने म्हणत एकेक पायरी चढले. गॅलरीत अख्खा मजला उभा होता. मलाही भरून आलं होतं.

रात्री अडीचला काका लघवीला उठले. काकू पहाटे पाचपासून उभ्या होत्या, त्यांचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून काकांनी हाक मारली नाही. कमोडची खुर्ची खाटेशेजारीच होती, पण बायकोने ते साफ करावं याचा संकोच वाटला. वॉकर घेऊन मोरीकडे निघाले, उंबऱ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीला घासत खाली बसले. टाके शाबूत राहिले, हाड मोडलं नाही. पण ते दोघं जमिनीवर बसून होते, उठवायला शेजारचा मुलगा येईपर्यंत.

चूक माझी होती. मी पायऱ्या मोजल्या, खाटेची उंची मोजली. काकू झोपणार कधी, हे विचारलंच नव्हतं.

हॉस्पिटलच्या त्या एका रात्री नर्स असते, वॉर्डबॉय असतो, पाळी संपली की त्यांची माणसं बदलतात. माणूस घरी आला की ते सगळं काम एका बाईवर येतं, बहुधा बायकोवर नाहीतर सुनेवर. तिची पाळी कुणी बदलत नाही. बिल कमी झालं असं आपण म्हणतो, तेव्हा तिचं जागरण कशातच धरलेलं नसतं. याचा मला राग येतो.

म्हणून आता मी दोन माणसं मागते, पहिल्या तीन रात्रींसाठी. तीन अशासाठी की बधिरपणा उतरल्यावर पुष्कळांना दुसरी रात्र पहिलीपेक्षा जड जाते. दुखायची वाट न बघता गोळ्या ठरल्या वेळी द्यायच्या. देवघरातली घंटा खाटेला बांधायची, ती वाजल्याशिवाय उठायचं नाही. उठताना आधी काठावर बसायचं, पाणी प्यायचं, मग उभं राहायचं. गुडघ्याखाली मऊ उशी सारायचा मोह सगळ्यांना होतो. ती नको, पाय आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली. पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच डॉक्टरांना फोन. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. आणि मेडिक्लेमवाल्यांना आधीच लेखी विचारून ठेवा. चोवीस तासांच्या आत सोडलं तर तुमच्या पॉलिसीत ते डे-केअर म्हणून बसतं का, हे डिस्चार्जच्या टेबलाशी कळून उपयोग नाही.

गिरगावातल्या एका आजींना मी स्पष्ट नको म्हटलं. हृदय अधू, मुलगी पुण्यात, संडास मजल्याच्या टोकाला. त्यांना मैत्रिणीसारखं त्याच दिवशी घरी यायचं होतं, खूप हिरमुसल्या. तीन रात्री हॉस्पिटलमध्ये राहिल्या, मग थेट मुलीकडे गेल्या. सहा आठवड्यांनी त्यांचा आणि मैत्रिणीचा गुडघा सारखाच वाकत होता.

परवा परळला एका घरी जाऊन आले. बासष्ट वर्षांच्या बाई, तब्येत उत्तम, लिफ्ट चालू, संडास खोलीला लागून. डॉक्टर त्याच दिवशी सोडायला तयार आहेत. मुलगा तारीख पक्की करायला निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला विचारलं. तिच्या ऑफिसचं वर्षअखेरीचं काम होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आता नणंद नाशिकहून यायची आहे. दोघींची सुट्टी जुळली की तारीख ठरेल.