म्हणे शेतकऱ्याने माल बदलला

माझी छोटी रोस्टरी आहे, स्पेशालिटी कॉफीच भाजतो. एका कुटुंबाच्या शेतातला लॉट यायचा होता, पाठवण्याआधीच्या सॅम्पलला माझ्या कपिंगमध्ये (वाटीत कॉफी भिजवून वास-चव तपासतात ते) 100 पैकी 86 मार्क पडले होते (80 च्या वर गेलं की स्पेशालिटी), जर्दाळू, मध, मस्त गोडवा. म्हणून वाट बघत होतो.

माल आला, दोनचार पोत्यांमधले बीन्स एकत्र करून मशीनमध्ये टाकले, प्रोफाइल (भाजण्याचं तापमान-वेळेचं गणित) सॅम्पलच्या वेळचंच, तरी पिवळे व्हायलाच वेळ लावतायत आणि फर्स्ट क्रॅक, म्हणजे भाजताना बीन्स तडकल्याचा पहिला आवाज, आला तोही उशिरा नि दबका. कपिंगला तर विचारू नका. 8.25 ग्रॅम कॉफी, 150 मिली पाणी, 4 मिनिटांनी चमच्याने वरचा थर फोडला आणि नाक खाली नेलं तर सरळ गोणपाटाचा वास!

मधल्या एजंटला फोन केला तर त्याचं उत्तर तयारच होतं. "वाळवण कच्चं राहिलं असणार हो, नाहीतर मालच बदलला असेल, छोटे शेतकरी असंच करतात, तुम्ही भाव पाडून घ्या, बाकीचं पेमेंट रोखून धरा." इतक्या सहज बोलला की माझं डोकंच फिरलं. या घरातली माणसं फक्त लाल झालेली फळं तोडायला एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जातात, जाळीच्या मांडवावर दिवसभर उलथापालथ करतात, रात्री झाकतात. पण राग आला म्हणजे ते बरोबर असं होत नाही ना, तपासायला तर हवंच.

मग प्रत्येक पोत्याचं सॅम्पल वेगळं काढून भाजलं आणि वाट्या ओळीने मांडल्या. इथे चित्र पालटलं. बऱ्याचशा वाट्या अगदी पहिल्यासारख्या गोड, तोच जर्दाळू. खराब निघाली ती मोजकीच पोती, आणि त्यातले बीन्स कडांना पांढरट पडलेले, मॉइश्चर मीटरवर 13.5 टक्के. चांगल्या पोत्यांत 11.

आता विचार करा, वाळवून, टरफल काढून झालं की अख्खा लॉट एकत्र मिसळतात आणि मगच पोत्यात भरतात. वाळवण कच्चं असतं तर सगळ्याच पोत्यांत थोडं थोडं दिसलं असतं. पोत्यापोत्यात फरक आहे म्हणजे जे झालं ते पोती शिवल्यानंतर झालं, त्यात शेतकऱ्याचा काय संबंध?

त्या शेतकरी काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी काही न बोलता वही आणून कॅमेऱ्यासमोर धरली, आमच्या लॉटपुढे लिहिलेलं, ओलावा 11, पोतं 60 किलो. ते 60 बघितलं आणि मी फोन तसाच ठेवून काट्याकडे धावलो. चांगलं पोतं 60 च्या आसपास. खराब पोतं गोणपाटाचं वजन वजा करूनसुद्धा साडेएकसष्टच्या वर! 11 चा ओलावा 13.5 झाला की 60 किलोमागे साधारण पावणेदोन किलो पाणी वाढतं, हिशोब तंतोतंत बसला. वाटेत पाणी प्यायली होती कॉफी.

नंतर पोती उलटीपालटी करून बघितली तर एका बाजूने ओघळाचे डाग. दिवसा तापून रात्री गार पडणाऱ्या कंटेनरच्या छताला आणि भिंतींना आतून घाम फुटतो, तो भिंतीलगतच्या पोत्यांवर टपकतो. म्हणूनच पोत्याच्या आत प्लास्टिकचं लायनर, म्हणजे अस्तराची पिशवी, घालायचं असतं, ते आमच्या करारात लिहिलेलंसुद्धा होतं आणि घालायची जबाबदारी एजंटची होती. एकाही पोत्यात लायनर नव्हतं. चारदोन पिशव्या वाचवल्या असतील, अजून काय.

फोटो, वजनं, मीटरचं रीडिंग सगळं एजंटला मेलवर पाठवलं आणि भरपाई तुमच्याकडून घेणार असं स्पष्ट लिहिलं. त्यावर नुसतं "बघतो", अजून बघतोयच. काकांचं बाकीचं पेमेंट त्याच संध्याकाळी पूर्ण केलं. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "पुढच्या वेळी लायनर मीच घालून देतो, तुम्ही फक्त आणून द्या."

चांगल्या पोत्यांचं रोस्टिंग चालू आहे. खराब पोती बाजूला ठेवलीयत, क्लेम मिटेपर्यंत त्यातला एक दाणा हलवणार नाही.