उडाले की पडले?

मिनेसोटाच्या उत्तरेकडील चिपेवा राष्ट्रीय अरण्यात, जुलैच्या अखेरीस, आम्ही दोघे तीन दिवस एका जुन्या पाइनकडे मान वर करून बसलो होतो. त्याच्या शेंड्याजवळ बाल्ड ईगलचे, म्हणजे १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर असलेल्या गरुडाचे, घरटे होते. घरटे कसले, काटक्यांचा माळाच तो. हे पक्षी वर्षानुवर्षे त्याच घरट्यावर भर घालत राहतात. नावात ‘बाल्ड’ असले तरी पक्षी टकला नसतो; त्या शब्दाचा ‘पांढरा’ हा जुना अर्थ तेवढा नावात टिकून राहिला आहे. कोकणातला काकण, म्हणजे समुद्री गरुड, याच्याच नात्यातला. येथील ओजिब्वे लोक याला मिगिझी म्हणतात.

पिल्लू एकच होते, आणि ते आईबापांपेक्षा थोराड दिसत होते. तो भ्रम नव्हता, कारण पहिल्या वर्षी पंखांची आणि शेपटीची पिसे प्रौढांपेक्षा लांब असतात. रंग मात्र सगळा तपकिरी. डोके पांढरे व्हायला चार-पाच वर्षे जावी लागतात. साधारण दहा ते बारा आठवड्यांचे झाले की पिल्लू घरटे सोडते, पण त्याआधी काही दिवस शेजारच्या फांद्यांवर उड्या मारत राहते. आमचे दोन दिवस त्या उड्या पाहण्यात आणि डास मारण्यात गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या वठलेल्या झाडावर एक प्रौढ पक्षी पंजात मासा धरून बसला, आणि तेथून हलेचना. पिल्लू फांदीच्या टोकाशी सरकून ओरडू लागले. (सिनेमात ईगलच्या तोंडी जी किंकाळी घालतात ती बहुधा रेड-टेल्ड हॉकची असते, याचा आवाज अगदीच किरटा.) तळ्यावरून वारा आला तसे त्याने पंख पसरले, वाऱ्याने ते किंचित उचललेही गेले, पण नख्यांनी फांदी काही सोडली नाही. सालीचे कपचे तेवढे खाली गळले. मग एक पाय निसटला आणि ते फांद्यांना धडकत खाली आले.

“अगं, पडलं!” मी ओरडलो.

“पडलं नाही. बसलंय,” दुर्बिणीवरचा डोळा न काढता बायको म्हणाली.

खरोखरच अर्ध्या वाटेत पंख उघडले होते, आणि ते तरंगत जाऊन पलीकडच्या पाइनच्या खालच्या फांदीवर आदळले होते. क्षणभर उलटे लोंबकळून, पंख झाडत ते सावरून बसले.

१९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या गरुडांची जेमतेम ४१७ जोडपी मोजली गेली होती. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे इतकी पातळ होत की उबवतानाच ती फुटत. १९७२ मध्ये त्या औषधावर बंदी आली, आणि २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून निघाला. आमच्यासारख्या हौशी मंडळींना असे ताटकळत बसण्याची चैन परवडते ती त्यामुळेच.

दुपारी प्रौढ पक्ष्याने मासा नेऊन रिकाम्या घरट्यात ठेवला. आम्ही सामान आवरले तेव्हा पिल्लू खालच्या फांदीवरूनच त्या दिशेने मान उंचावून ओरडत होते.